जोडी की आकडा? अर्थात मशीनवर न छापलेली किंमत

गेल्या महिन्याभरात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. तिघंही इंजिनियर, तिघांचाही गोव्याचा बेत ठरलेला, आणि तिघांना कसिनोत जायचंच होतं. प्रश्न असा की स्लॉट मशीनवरचा खेळ निवडताना काय बघायचं? तिघांनीही आधी इंटरनेटवर शोधलं होतं आणि तिघांना साधारण एकच उत्तर मिळालं होतं. जास्त परतावा देणारं मशीन निवडा, आणि व्हेरिअन्स आपल्या स्वभावाप्रमाणे निवडा. थंड डोक्याच्या माणसाने कमी व्हेरिअन्सचं मशीन घ्यावं, धाडसी माणसाने जास्त.

हे उत्तर चूक नाही, पण अर्धवट आहे. राहिलेलं अर्धं मला कुठल्या पुस्तकात नाही, आमच्या मलकापुरात सापडलं. म्हणून हा शनिवार त्याच्यासाठी.

आधी दोन शब्द सोपे करून घेऊ. परतावा म्हणजे खूप जणांनी खूप वेळ खेळून लावलेल्या दर शंभर रुपयांमागे खेळ परत किती देतो. ९२ टक्के परतावा म्हणजे शंभरातले ८ रुपये मालकाचे. व्हेरिअन्स म्हणजे ते ९२ रुपये कसे परत येतात. थोडे थोडे करून रोज, की महिनोन् महिने काही नाही आणि मग एकदम घबाड? दोन खेळांचा परतावा अगदी सारखा असूनही एक खेळ रिमझिम पावसासारखा आणि दुसरा ढगफुटीसारखा असू शकतो. वर्षाची सरासरी तीच, पण शेताचं जे व्हायचं ते वेगळं.

मलकापूर हे बुलढाणा जिल्ह्यातलं, मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर भुसावळ आणि शेगाव यांच्या मधलं गाव. कापसाचं गाव. आणि कापसाचा नि आकड्याचा संबंध फार जुना आहे. मटका सुरू झाला तोच मुळी कापसाच्या भावावर. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे बाजार उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कॉटन एक्स्चेंजला यायचे आणि त्या आकड्यांवर लोक पैजा लावायचे. १९६१ मध्ये ते भाव येणं बंद झालं. पैजा लावणारे मात्र तिथेच होते. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. आधी मडक्यातून चिठ्ठ्या निघायच्या, पुढे पत्ते आले. कापूस गेला तरी 'ओपन' आणि 'क्लोज' हे त्याचे दोन शब्द मागे राहिले. आज विदर्भातल्या कुठल्याही पेपरात 'वरली मटक्याच्या अड्ड्यावर छापा' ही बातमी दिसते, ती या सगळ्याची शेपटी. (हे सगळं बेकायदेशीर आहे, हे वेगळं सांगायला नको. आणि हा लेख मटका कसा खेळावा यासाठी नाही.)

इंजिनियरच्या नजरेने बघितलं तर मटका हे व्हेरिअन्सचं सर्वात स्वच्छ उदाहरण आहे. तीन पत्त्यांची बेरीज करायची आणि शेवटचा अंक घ्यायचा. २, ५ आणि ८ निघाले तर १५, म्हणजे ५. हा झाला ओपनचा आकडा. तसाच दुसरा क्लोजचा. दोन्ही मिळून जोडी. आता भाव. सगळीकडे बोलला जातो तो भाव म्हणजे आकड्याला एकास नऊ, जोडीला एकास नव्वद.

गणित करून बघा. आकडा दहापैकी एक, म्हणजे शक्यता १० टक्के. मिळतात ९ रुपये. सरासरी परतावा ९० पैसे. जोडी शंभरातली एक, शक्यता १ टक्का. मिळतात ९० रुपये. सरासरी परतावा पुन्हा ९० पैसे! म्हणजे एकाच टपरीवर, एकाच माणसाकडे, अगदी सारख्या परताव्याचे दोन खेळ शेजारी शेजारी. फरक फक्त व्हेरिअन्सचा. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडावं असं हे उदाहरण आहे, आणि ते पानटपरीवर फुकट मिळतं :-)

मग लोक काय निवडतात? आमच्या गल्लीतले एक काका वर्षानुवर्षं जोडीच लावतात. त्यांना एकदा विचारलं, की काका, आकडा तर दहा वेळा लवकर लागतो, मग जोडी कायले? त्यांचं उत्तर ऐका:

"अरे बाप्पा, आकडा लागून काय भेटते? दहाचे नव्वद. चहापाण्यात जाते. जोडी लागली का नऊशे! आन् मी तं फायद्यातच आहो."

हे 'मी फायद्यातच आहो' माझ्या डोक्यात बसलं. काका खोटं बोलणारे नाहीत. हिशोबाला पक्के आहेत, किराणा दुकानातल्या उधारीचे आठ आणेसुद्धा विसरत नाहीत. मग शंभराला नव्वद परत देणाऱ्या खेळात ते फायद्यात कसे? मी लॅपटॉप उघडला आणि मोजलं.

समजा दोन माणसं आहेत. दोघंही वर्षातले ३०० दिवस रोज १० रुपये लावतात. एक फक्त आकडा, दुसरा फक्त जोडी. दोघांनी वर्षात ३,००० रुपये लावले, सरासरीने दोघांना २,७०० परत आले, दोघांचा सरासरी तोटा ३०० रुपये. इथपर्यंत काहीच फरक नाही.

आता अशी शंभर-शंभर माणसं घ्या आणि वर्षाच्या शेवटी खरोखर फायद्यात किती आहेत ते मोजा. आकडावाल्यांत शंभरातले साधारण २५. जोडीवाल्यांत साधारण ३५. परतावा तोच, पण जोडीवाल्यांत फायद्यातले लोक जास्त! वर्षात चार वेळा जोडी लागली की ३,६०० रुपये झाले, म्हणजे ६०० फायदा. उलट बाजूला जोडीवाल्यांतले पाच जण असे की त्यांना वर्षभरात एकदाही काही लागलेलं नाही. ते पाच जण चौकात उभे राहून बोलत नाहीत.

आता हेच दहा वर्षं चालू द्या. प्रत्येकाने ३०,००० लावले, सरासरी तोटा ३,०००. दहा वर्षांनी आकडावाल्यांपैकी फायद्यात किती उरले? शंभरात जेमतेम दोन. बाकी अठ्ठ्याण्णव जणांना स्वतःच्या खिशावरूनच कळून चुकलंय की हा धंदा तोट्याचा आहे. आणि जोडीवाल्यांपैकी? अजूनही साधारण पंचवीस. दहा वर्षांनंतरही चारातला एक माणूस छातीवर हात ठेवून, अगदी खरं सांगतो, की मी फायद्यात आहे.

काका त्या चारातले एक असू शकतात. त्यात त्यांची हुशारी नाही आणि लबाडीही नाही. फक्त व्हेरिअन्स आहे.

मला सांगायचं आहे ते एवढंच. व्हेरिअन्स ही खेळाची चव आहे, कुणाला तिखट आवडतं, कुणाला गोड, असं ती तीन इंजिनियरांना मिळालेली उत्तरं सांगतात. माझं मत वेगळं आहे. व्हेरिअन्स म्हणजे खेळाची किंमत झाकणारा पडदा. व्हेरिअन्स जितका जास्त, तितका तुमचा स्वतःचा अनुभव तुम्हाला परताव्याबद्दल कमी सांगतो. एरवी आपण बाजारात किंमत अनुभवातून शिकतो. भाजीवाल्याने दोनदा महाग दिलं की तिसऱ्यांदा आपण पुढच्या गाडीवर जातो. जोडीच्या खेळात दहा वर्षं गेली तरी शिकणं पूर्ण होत नाही.

आता स्लॉट मशीनकडे वळू, कारण तिथे हा पडदा कुणीतरी बसून डिझाइन केलेला असतो.

जुनी मशीन्स यांत्रिक होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे या मेकॅनिकने १८९० च्या दशकात 'लिबर्टी बेल' नावाचं मशीन बनवलं. तीन फिरणारी चाकं, त्यावर चित्रं, तीन घंटा जुळल्या की सर्वात मोठं बक्षीस. या रचनेला एक नैसर्गिक मर्यादा होती. चाकावर २० जागा असतील तर तीन चाकांची मिळून २० गुणिले २० गुणिले २०, म्हणजे ८,००० स्थिती. सर्वात दुर्मीळ जुळणीसुद्धा ८,००० त एकदा येणारच. म्हणून फार मोठं बक्षीस लावताच येत नव्हतं, मालकाचं दिवाळं निघालं असतं. मोठं बक्षीस हवं तर चाक मोठं करा, पण मोठं चाक बघून गिऱ्हाइकाला अंदाज येतो की हे काही लागायचं नाही.

१९८४ मध्ये इंगे टेलनेस यांना एक पेटंट मिळालं आणि सगळं बदललं. कल्पना आपल्याला लगेच कळेल अशी आहे. चाक कुठे थांबणार ते चाकाने ठरवायचंच नाही. आत एक रँडम नंबर जनरेटर ठेवायचा, त्याने आकडा काढायचा आणि एका तक्त्यातून तो आकडा चाकाच्या जागेला जोडायचा. तक्त्यात ६४ जागा ठेवल्या तर स्थिती झाल्या ६४ गुणिले ६४ गुणिले ६४, म्हणजे २,६२,१४४. दिसणारं चाक तेच २० जागांचं. पण घंटेच्या वाट्याला तक्त्यातली फक्त एक ओळ, आणि तिच्या वरच्या-खालच्या रिकाम्या जागांना भरपूर ओळी. त्यामुळे घंटा 'थोडक्यात हुकली' असं वारंवार दिसतं. ती हुकलेली नसते. तक्त्यात तसं लिहिलेलं असतं.

थोडक्यात, १९८४ नंतर परतावा आणि व्हेरिअन्स या दोन्ही गोष्टी कॉन्फिगरेशन फाइलमधल्या दोन ओळी झाल्या. या फाइलला त्या धंद्यात 'पार शीट' म्हणतात. कोणतं चित्र किती वेळा, कशाला किती पैसे, एकूण परतावा किती, चढउतार किती, सगळं त्यात असतं. ही शीट गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या केविन हॅरिगन आणि माइक डिक्सन यांनी ऑन्टारियोमधल्या मशीन्सची शीट माहितीच्या अधिकारासारख्या कायद्याखाली मिळवली आणि २००९ मध्ये त्यावर लिहिलं. त्यातून दिसलं ते असं, की एकच खेळ, तीच चित्रं, तेच संगीत, पण आतून वेगवेगळ्या परताव्याच्या आवृत्त्या. बाहेरून बघून ओळखणं अशक्य.

"पण चार तास खेळून अंदाज येईल की!" असं त्या तिघांपैकी एक म्हणाला. बघू या येतो का. समजा एका डावाला ५ रुपये, तासाला ६०० डाव (बटण दाबत राहिलं तर हा वेग सहज येतो) आणि परतावा ९२ टक्के. तासाला तुम्ही ३,००० रुपये फिरवता आणि सरासरी २४० हरता. पण मध्यम व्हेरिअन्सच्या मशीनवर, म्हणजे एका डावाचं प्रमाण विचलन लावलेल्या रकमेच्या आठपट धरलं तर, तासाभराच्या निकालात साधारण ९८० रुपयांचा चढउतार असतो. ८८ टक्क्यांच्या मशीनवर सरासरी तोटा ३६०, ९६ टक्क्यांच्या मशीनवर १२०. या दोन मशीन्समधला २४० रुपयांचा फरक ९८० च्या लाटांत तुम्हाला दिसणार कसा? परतावा एका टक्क्याच्या आसपास बिनचूक मोजायचा तर ६,४०,००० डाव लागतात. तासाला ६०० ने हजारपेक्षा जास्त तास. रोज आठ तास ऑफिससारखं बसलात तर चार महिने! तेवढ्या काळात ३२ लाख रुपये फिरवून सरासरी अडीच लाख हरलेले असाल. महाग पीएचडी आहे.

त्यात आणखी एक गंमत. आजच्या मशीनवर एकाच डावात अनेक ओळींवर पैसे लागतात. समजा २० ओळी, प्रत्येकीवर २५ पैसे, एकूण ५ रुपये. एका ओळीवर २ रुपये लागले की मशीन दिवे लावतं, घंटा वाजवतं, नाणी पडल्याचा आवाज करतं. प्रत्यक्षात तुम्ही ३ रुपये हरलेले असता. याच संशोधकांनी याला जिंकल्याचा वेष घेतलेला तोटा म्हटलंय. आपण टेस्टिंगमध्ये अशा गोष्टीला सरळ बग म्हणून नोंदवलं असतं. तिथे ते फीचर आहे.

मग गोव्याला जाणाऱ्याने निवडायचं कसं? माझ्या मते तीन आकडे बघावेत, आणि याच क्रमाने.

पहिला म्हणजे तासाची किंमत. एका डावाची रक्कम गुणिले तासाचे डाव गुणिले मालकाचा वाटा. वरच्या उदाहरणात २४० रुपये. इथे लोक परताव्याचे एक-दोन टक्के शोधत बसतात आणि वेगाकडे बघतच नाहीत. ९२ ऐवजी ९४ टक्क्यांचं मशीन मिळालं तर तासाला ६० रुपये वाचतात. पण बटण निम्म्या वेगाने दाबलं तर १२० वाचतात, आणि ते तुमच्या हातात आहे. वेगाचा अंदाज हवा तर पुन्हा काकांकडे या. रोज दोन जोड्यांवर दहा-दहा असे २० रुपये धरले, तर वर्षाला ६,००० आणि पंधरा वर्षांत ९०,००० रुपये लावले. ही सगळी उलाढाल पाच रुपयांच्या मशीनवर किती वेळात होते? तीस तासांत. काकांची पंधरा वर्षं म्हणजे मशीनवरचा एक लांबलेला वीकएंड. म्हणून मटक्याचा परतावा ९० आणि मशीनचा ९२, म्हणजे मशीन बरं, असं म्हणणाऱ्याने घड्याळ बघितलेलं नाही.

दुसरा आकडा म्हणजे कर. कसिनोवर १ ऑक्टोबर २०२३ पासून टोकन घेताना भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. कायद्याच्या हिशोबाने १,००० रुपयांच्या टोकनांसाठी १,४०० मोजायचे. म्हणजे बटण एकदाही दाबण्याआधी ४०० गेले, वरच्या मशीनवरच्या दीड तासापेक्षा जास्त तोटा एका सहीत. १,४०० देऊन आलेले १,००० एकदा मशीनमधून फिरवले तर सरासरी ९२० हातात येतात. तुमचा खरा परतावा ६६ टक्के! वर मोठं काही लागलंच तर त्यावर ३० टक्के आयकर वेगळा, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. इतकं झाल्यावर ९२ की ९४ हा वाद म्हणजे नव्वद रुपये रिक्षाला देऊन स्वस्त कोथिंबीर आणण्यासारखं आहे.

तिसरा आकडा व्हेरिअन्स, आणि तो शेवटीच. खिशात ठरावीक रक्कम आहे आणि संध्याकाळभर बसायचंय, तर कमी व्हेरिअन्स. छोटी छोटी बक्षिसं, फार मोठं काही नाही. एकाच मोठ्या बक्षिसासाठी यायचं असेल तर जास्त व्हेरिअन्स, आणि अर्ध्या तासात खिसा रिकामा व्हायची तयारी. दोन्हीकडे सरासरी तोटा परताव्यानेच ठरतो, व्हेरिअन्सने त्यात एक पैसाही कमी होत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. जोडी लावणाऱ्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे, पण गणित तसं म्हणत नाही. लेस्टर डुबिन्स आणि लिओनार्ड सॅव्हेज या गणितज्ञांनी १९६५ मध्ये एक अख्खं पुस्तक यावर लिहिलं. ज्या खेळात आपण सरासरीने हरणारच आहोत, पण एका ठरावीक रकमेपर्यंत पोहोचायचंच आहे, तिथे थोडं थोडं खेळण्यापेक्षा एकदम मोठी उडी मारणं हा सर्वोत्तम मार्ग असतो. कारण जितके जास्त डाव, तितका मालकाचा वाटा जास्त वेळा कापला जातो. ज्याच्याकडे दहा रुपये आहेत आणि ज्याला उद्या सकाळी नऊशे हवेत, त्याच्यासाठी जोडी आकड्यापेक्षा खरंच बरी. ओपनला दहा लावून नव्वद मिळवायचे आणि ते सगळे क्लोजला लावायचे, तर दोन्ही लागून हातात ८१० येतात, जोडीने ९००. कापूस घरात आला, भाव पडला, सावकाराची तारीख जवळ आली, अशा माणसाला 'कमी व्हेरिअन्सचा खेळ निवड' हा सल्ला देणं म्हणजे थट्टा आहे. त्याला खेळ नको असतो, सुटका हवी असते. आणि जास्त व्हेरिअन्सचे खेळ नेमके याच माणसासाठी बनलेले असतात.

आणि आपण शहरातले लोकही फार वेगळे नाही. एक्स्पायरीच्या दिवशी दोन-तीन रुपयांना मिळणारं, भावापासून लांबचं ऑप्शन घेणारे किती जण आपल्या फ्लोअरवर आहेत ते मोजा. ती आपली जोडी आहे, फक्त अॅपमध्ये ग्राफ दिसतो म्हणून आपण तिला ट्रेडिंग म्हणतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. उरलेले सात टक्के कोण? त्यात खरोखर कौशल्यवाले असतील, पण काकांसारखेही असतील. चहाच्या टेबलावर बोलतात ते हेच सात.

पण सेबीने एक चांगली गोष्ट केली. २०२३ पासून प्रत्येक ब्रोकरला आपल्या अॅपवर ठळकपणे दाखवावं लागतं की या सेगमेंटमध्ये दहापैकी नऊ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात जातात. लॉगिन केलं की ते वाक्य समोर. लोक ते वाचून ओके दाबतात आणि पुढे जातात, हे मान्य. तरीही ते लिहिलेलं आहे. व्हेरिअन्सने जे शिकू दिलं नसतं ते कुणीतरी सगळ्यांचा हिशोब एकत्र करून तुमच्यासमोर ठेवलं.

माझी मागणी एवढीच आहे, की हेच मशीनवर करा. गोव्यात १९९२ च्या कायदादुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी मिळाली, म्हणजे तीस वर्षं उलटून गेली. मी बघितलेल्या एकाही मशीनवर परताव्याचा आकडा छापलेला नव्हता. अमेरिकेत नेव्हाडामध्ये परतावा ७५ टक्क्यांच्या खाली आणि न्यू जर्सीत ८३ टक्क्यांच्या खाली नेता येत नाही. ब्रिटनमध्ये मशीनवर परतावा किंवा शक्यता दाखवावी लागते. आपल्याकडे पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर एमआरपी, वजन, पॅकिंगची तारीख, सगळं छापावं लागतं. ४० टक्के कर घेऊन चालणाऱ्या यंत्रावर मात्र किंमत नाही.

आणि यातला विरोधाभास बघा. बेकायदेशीर टपरीवरच्या खेळाचा भाव गावातल्या पोरासोरांनाही पाठ असतो, एकास नऊ, एकास नव्वद. कायदेशीर, एसीतल्या, परवानाधारक मशीनचा भाव तिथे दोन दिवस बसलेल्या इंजिनियरलाही सांगता येत नाही. अर्थात टपरीवर दुसरी गोम आहे. भाव उघड, पण आकडा कोण आणि कसा काढतो ते बंद. कोणत्या जोडीवर किती पैसे लागलेत हे माहीत असलेल्या माणसानेच आकडा काढला, तर माझं वरचं ९० टक्क्यांचं गणित कोसळतं. म्हणजे एकीकडे भाव दिसतो पण सोडत दिसत नाही, दुसरीकडे सोडत यंत्राची पण भाव दिसत नाही. गिऱ्हाइकाला दोन्ही एकत्र कुठेच मिळत नाही.

"मग सगळं बंदच करा ना," असं माझी आई म्हणते, आणि तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. महाराष्ट्राने तसं केलंही. १९७६ चा कसिनो कायदा कागदावर होता, कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. पण मटक्यावर तर पहिल्यापासून बंदी आहे, आणि मलकापुरात तो काय आहे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बंदीने खेळ आडोशाला जातो. ज्याने खेळायचंच ठरवलंय त्याच्यापर्यंत आकडा तरी पोहोचायला हवा.

तो पोहोचेपर्यंत माझ्या तीन मित्रांना, आणि जाणाऱ्या सगळ्यांना, एवढंच सांगेन. संध्याकाळसाठी सिनेमाला काढता तशी रक्कम काढा, ती गेली असं समजूनच आत शिरा, आणि बटण हळू दाबा. पैसे कमावून आलात तर पार्टी द्या, पण मशीनबद्दल काही शिकलो असं समजू नका. तेवढे डाव तुम्ही खेळलेलेच नसता.

ता. क. : वरचं आकडा-जोडीचं गणित एक्सेलमध्ये दहा मिनिटांत होतं. BINOMDIST ला मराठीत काय म्हणतात माहीत नाही, पण द्विपद वितरणाचं फंक्शन शोधा, ३०० डाव आणि एक टक्का शक्यता घाला, आणि चार किंवा जास्त वेळा लागण्याची शक्यता काढा. मग तोच आकडा गावाकडच्या एखाद्या 'फायद्यात' असलेल्या काकांना समजावून बघा. माझे काका शांतपणे ऐकून म्हणाले, "बरोबर आहे तुहं. पण मी त्या पंचविसातलाच हावो ना!"